घरातली 80 टक्के धूळ म्हणजे आपली कातडी? नाही हो

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो मेसेज फिरतोय, घरातली 70-80 टक्के धूळ म्हणजे माणसाची मेलेली कातडी, आणि आमच्या मावशीने तर ते वाचून गाद्याच बदलायला काढल्या, म्हणून लिहितेय. हे खरं नाहीये. कातडीचे बारीक कण रोज झडतात हे बरोबर, पण त्यातले बरेचसे आंघोळीच्या पाण्यात वाहून जातात. धुळीत ते असतात, गादी-उशीत जरा जास्तच, तिथले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) त्यावरच जगतात, पण बाकीचा केवढा तरी माल बाहेरचा असतो! 2009 मध्ये लेटन आणि बीमर या संशोधकांनी अमेरिकेतल्या घरांचा हिशोब मांडला होता, बुटांबरोबर येणारी माती किती आणि हवेतून आत येणारे कण किती असा. आपल्याकडे तर खिडक्या दिवसभर उघड्या. आणि सगळ्या घरांना एकच टक्का लागूच होत नाही, घर रस्त्यालगत आहे का, मांजर पाळलंय का, यावर ठरतं.

काल पंख्याचं पातं पुसलं, फडक्यावर काळं चिकट आलं, ती काजळी आणि फोडणीचं तेल. पलंगाखालचा करडा गोळा सोडवला तर केस, चादरीचे धागे, रेतीचे कण. मावशी, गाद्या राहू दे गं, दारात पायपुसणं टाक आणि ओल्या फडक्याने पूस, कोरड्या झाडूने धूळ नुसती उडते आणि परत बसते.