सोमवारी छाती, मंगळवारी पाठ

"काका, मसलला सवय लागली की तो वाढत नाही. त्याला कन्फ्यूज करायचं!" हे आमच्या जिमच्या ट्रेनरचं ब्रह्मवाक्य. पोराचं वय तेवीस-चोवीस, दंड माझ्या मांडीएवढे. आता पन्नाशीला टेकलेल्या माणसाचे स्नायू मुळातच गोंधळलेले असतात. सकाळी उठताना आधी कोणी हलायचं यावर त्यांचं एकमत होत नाही. पण ऐकतो कोण? सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी केटलबेल (मूठ लावलेला लोखंडी गोळा), शुक्रवारी रबराचे पट्टे आणि शनिवारी 'आज मजा करू' म्हणून जे काही होतं ते.

यातला बुधवार सगळ्यात वाईट, कारण तो शुक्रवारपर्यंत चालतो. स्क्वॉट मारताना काही वाटत नाही. (नुसता बारच २० किलोचा असतो, ही माहिती तो खांद्यावर आल्यावर मिळते.) खरी वसुली दुसऱ्या दिवशी. जिना चढता येतो, उतरता येत नाही. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो आणि नेमकं तेच त्याला जास्त दुखवतं, हे शास्त्र मी कठड्याला धरून खेकड्यासारखा आडवा उतरताना समजून घेतलं. शुक्रवारी सोसायटीत सत्यनारायण होता. आरतीला सगळे उठले, मी पाटावर बसूनच टाळ्या वाजवल्या. "किती तल्लीन झालेत," समोरच्या वहिनी हळूच म्हणाल्या.

शेजारचे अण्णा कोल्हापूरचे, तालमीत घुमलेले. त्यांना हे वारांचं वेळापत्रकच मान्य नाही. "जोर आणि बैठका. विषय संपला! पैलवान खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं, ते काय रबर ओढून?" मग गडी रंगात आला की पुढचं बाहेर पडतं. फावड्याने आखाडा खणायचा, दोर चढायचा, मुदगल फिरवायचे, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या. म्हणजे प्रकार तिथेही ढीगभर होते, फक्त त्यांना वार नेमून दिलेले नव्हते.

माझं म्हणणं वेगळंच आहे. रोज नवा व्यायाम केला, तर ताकद वाढली की नाही हे ताडून बघायचं कशाशी? सुरुवातीच्या आठवड्यांत वजन जास्त उचललं जातं ते मुख्यतः मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून. स्नायू भरायला वेळ लागतो. तेव्हा मुख्य व्यायाम महिना-दीड महिना तेच ठेवावेत, वजन थोडं थोडं वाढवावं, मग हवा तो बदल करावा. हे सगळं मी ट्रेनरला ऐकवलं. त्या वेळी मी बारला लोंबकळत होतो, त्यामुळे मुद्दे जरा तुटक गेले असतील. तो म्हणाला, "काका, बोलू नका, श्वास सोडा. लास्ट टू!" या लास्ट टूनंतर 'अजून एक' असतो आणि त्यानंतर 'हा माझ्यासाठी'.

परवाच्या शनिवारी ट्रॅक्टरचा टायर आला. त्यावर घण मारायचा. अण्णा मुद्दाम बघायला आले होते. "ह्याचे पैसे घेतोस?" त्यांनी ट्रेनरला विचारलं. माझे दोन-तीन घाव त्यांनी कसेबसे सोसले, मग घण हातातून काढून घेतला आणि सदऱ्याच्या बाह्या सारून असे काही हाणले की ट्रेनरने व्हिडिओच काढायला घेतला.

सोमवारी अण्णा ट्रॅकपँट घालून माझ्या आधी हजर. काउंटरवर माझ्याकडे बोट दाखवून विचारत होते, "ह्यांनी वर्षाची फी भरलीय न्हवं? उरलेले महिने माझ्या नावावर करता येतील काय?"