खरं सांगितलं म्हणून?

आज डोकं फिरलंय. लांबलचक होईल, पण वाचा.

दादा, माझा मावसभाऊ. कित्येक वर्षं झाली, दारू नाही, गोळ्या नाहीत. मेगाब्लॉक असो, तुंबलेलं परळ असो, एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंग चुकवत नाही. आज पहाटे कमरेतून कळ आली. घामाघूम, उलट्या. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, कुशीवर वळा." डॉक्टर ट्रामाडोल हे दुखणं थांबवणारं औषध लिहायला लागले तसा दादा कण्हत म्हणाला, "मी व्यसनातून बाहेर आलोय, ते नको. दुसरं काही द्या."

झालं! "आज काय घेऊन आलायस?" केसपेपरवर मोठ्या अक्षरांत 'अल्कोहोलिक'. बाह्या वर करून सुयांच्या खुणा शोधल्या. अहो, जो माणूस नशेचं औषध नको म्हणतोय, तो नशेसाठी नाटक करेल? डायक्लोफेनॅकचं, म्हणजे नशा न आणणाऱ्या वेदनाशामकाचं, एक इंजेक्शन, तेही माझा आवाज चढल्यावर दिलं. दुपारी सोनोग्राफीत मूत्रनलिकेत अडकलेला खडा दिसला. तेव्हाही कुणाला 'सॉरी' म्हणावंसं वाटलं नाही.

मान्य, कॅज्युअल्टीतल्या पोरांना झिंगलेले लोक शिव्या देतात, अंगावर येतात. पण दादा पूर्ण शुद्धीत होता हो.

ट्रामाडोल अफूच्या जातीचं. सुटलेली ओढ परत लागू शकते, म्हणून डॉक्टरला आधी सांगायचं, हे मीटिंगमधले जुने लोक नव्या माणसाला बजावतात. दादाने तेवढंच केलं. लपवलं असतं तर 'काका'च राहिला असता.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजारही आजारच धरतो आणि इतर रुग्णांसारखीच वागणूक द्या म्हणतो. तो कॅज्युअल्टीच्या दारात पोचलेला दिसत नाही. मेडिक्लेमवाल्यांचं तर विचारूच नका, व्यसनाचे उपचार पॉलिसीतून सरळ वगळलेले.

मला रडू आलं ते घरी आल्यावर. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पुढच्या वेळी नाही सांगणार." उद्या ऑपरेशन करावं लागलं तर? भूल देणाऱ्यालाही नाही सांगणार? खूप समजावलं. नुसतं "हं" म्हणाला.

तक्रारीचा अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देणार. आणि दादर-परळकडे कुणी असा युरोलॉजिस्ट माहीत असेल, जो हे सगळं ऐकून घेऊनही माणसाशी माणसासारखा बोलेल, तर इनबॉक्समध्ये नाव कळवा. खडा अजून आत आहे.