इस्त्री बंद केली का?

माझ्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला, त्याला आज चार दिवस झाले. डोळ्यांपुढचे काजवे गेले, अपमान काही गेलेला नाही. "साहेब, बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला, लोकांना त्रास होतोय." हे मला! खोकला आला तरी पडद्यावरचा संवाद संपेपर्यंत जो तो घशात दाबून धरतो, त्या माणसाला!

रजा काढून दुपारच्या खेळाला एकटाच गेलो होतो. रजेच्या अर्जात 'तातडीचे घरगुती काम' असं लिहिलं होतं आणि घरी ऑफिसला निघालो म्हणून सांगितलं होतं. दोन्हीकडे खोटं बोलून आलेल्या माणसाला पडद्यावर थोर कलाकृती नको असते. अडीच तास कुणी फाइल मागू नये, कुठला नळ गळू नये आणि आपल्याला जे साहेबांना बोलता येत नाही ते एका देखण्या माणसाने खलनायकाला बोलावं, एवढीच त्याची मागणी असते.

शेजारच्या खुर्चीत एक काकू होत्या. त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान, जे नावं पडद्यावर यायच्या आत झोपी गेले. काकूंना बोलायला माणूस लागत होता. उरलो मी.

सुरुवात इस्त्रीपासून झाली. नायक शर्टाला इस्त्री करतोय, फोन येतो, नायिका संकटात आहे म्हणून कळतं, तो तसाच धावत सुटतो. माझ्या अंगावर काटा आला. काकू म्हणाल्या, "इस्त्री बंद नाही केली."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"दारही नुसतं ओढून घेतलंय," त्या म्हणाल्या. "किल्ली घेतली का हो त्याने? तुम्ही पाहिलंत?"

आता खरं सांगायचं तर मी पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणापासून मला तेच दिसायला लागलं. नायकाने रस्त्यात एका माणसाची मोटरसायकल हिसकावली आणि खलनायकाच्या मागे लागला. सगळं थिएटर शिट्ट्या मारतंय, आणि काकू हळहळतायत, "तो बिचारा आता घरी कसा जाणार?" पुढे दोघे पावसात नाचायला लागले, तर यांना वाळत घातलेले कपडे आठवले. नायक म्हणे आर्किटेक्ट. "पण हा कामावर जातो कधी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडद्यावरचे आर्किटेक्ट टेबलावर इमारतीचं छोटं मॉडेल ठेवतात आणि दिवसभर प्रेम करतात. त्यांना रजेचा अर्ज लिहावा लागत नाही.

कंटाळवाणे तुकडे कापून टाकलेलं आयुष्य म्हणजे नाट्य, अशा अर्थाचं रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक म्हणून गेलाय. ते कापलेले सगळे तुकडे काकूंनी पर्समध्ये गोळा करून आणले होते, आणि एकेक काढून माझ्या हातावर ठेवत होत्या.

तसं पाहिलं तर दोष मुळातच आहे. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपल्या चित्रपटांचा पहिला खेळ केला. लोकांनी खिशातले पैसे मोजले, तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत बसले, आणि यांनी त्यांना पहिलं काय दाखवलं? कारखान्यातून सुटलेले कामगार! तेही स्वतःच्याच कारखान्यातले! म्हणजे दिवसभराचं काम विसरायला आलेल्या माणसाला पडद्यावर पुन्हा कारखान्याचं फाटक. माझ्या साहेबांना हा खेळ फार आवडला असता. फाटकातून कोण किती वाजता बाहेर पडलं हे त्यांनी टिपून घेतलं असतं.

असो. बॅटरीकडे येतो.

नायकाने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची काच फोडून उडी मारली. काचांचा पाऊस पडला. काकू कळवळून म्हणाल्या, "आता या काचा झाडणार कोण? लहान मुलं असतात हो खाली." त्यांचा आवाज इतका खरा होता की मला राहवलं नाही. दीड तासात पहिल्यांदा मी तोंड उघडलं. हळूच म्हणालो, "काकू, ती खरी काच नसते. लागत नाही कुणाला. पूर्वी तर साखरेची करायचे."

"साखरेची?"

"हो. साखरेचा पाक ओतून, थंड करून."

काकूंनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, सुटलो. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मुंग्या."

"कसल्या मुंग्या?"

"लागणारच की. एवढी साखर जमिनीवर!"

"अहो, पण आता साखरेची करत नाहीत!"

"मग आता कसली?"

"आता रेझिनची!" हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन. रेझिन हा शब्द हळू म्हणता येत नाही. त्याच क्षणी झोत आला, आणि मागून तो 'साहेब, बाहेर जाऊन बोला'चा दम. काकू माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू त्यांना मी आत्ताच दिसलो. वर म्हणतात कशा, "जाऊ द्या हो, त्यांना साखरेचं काहीतरी सांगायचं होतं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत नाही, पण सगळ्या रांगेवर माझा राग आहे.

नियमच असा दिसतो की सतत बोलणाऱ्याचा आवाज पंख्यासारखा भिंतीत मुरून जातो. एकदाच बोलणारा सापडतो. ऑफिसात हेच, सोसायटीच्या सभेत हेच. दोन तास विसरायला म्हणून येतो तिथेही हेच. घरी पाहावा म्हटलं तर चित्रपट तीन हप्त्यांत संपतो. दर वीस मिनिटांनी कुणीतरी काहीतरी विचारतं आणि तलवार उगारलेला माणूस तसाच थिजून उभा राहतो. अंधार तेवढा आपला असं वाटायचं. तोही जुन्या लोकांच्या वाट्याला जास्त आला. रिळांच्या प्रोजेक्टरमध्ये चित्र सरकताना प्रकाश अडवायला झडप असायची. त्यामुळे पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळाच असायचा, डोळ्यांना फक्त कळायचं नाही. तीन तासांच्या खेळात दीड तास निखळ काळोख! आता डिजिटल आलं, झडप गेली. उरलेल्या काळोखात बॅटरी.

झोत गेल्यावर काकू गप्प झाल्या. हे जास्त वाईट झालं. कारण आता माझं सुरू झालं. खलनायक नायिकेला बांधून घालत होता आणि मला नायकाच्या घरातली इस्त्री दिसत होती. तापलेली. शर्टावर पालथी. दोन दिवस झाले होते कथेत! एवढ्यात शेवटची मारामारी सुरू झाली, आणि काकूंनी माझ्याकडे न बघता, अगदी पुटपुटल्यासारखं विचारलं, "तुम्ही केली होती ना बंद?"

मी सकाळी शर्टाला इस्त्री केली होती. ऑफिसला निघाल्याचं नाटक साग्रसंगीत व्हावं म्हणून मुद्दाम, सगळ्यांसमोर. बटण बंद केल्याचं आठवेना. प्लग काढल्याचं आठवेना. मोजून दीड मिनिट मी तग धरला. मग सात जणांच्या गुडघ्यांवरून, 'सॉरी सॉरी' म्हणत, पडद्यावरचा पहिला ठोसा पडत असताना बाहेर पडलो. दारात तोच बॅटरीवाला. त्याच्या चेहऱ्यावर कायद्याचं राज्य आल्याचं समाधान.

इस्त्री बंद होती. वायर गुंडाळून कपाटात ठेवलेली होती. बायकोने शांतपणे विचारलं, "तू ऑफिसातून इस्त्री बघायला आलास?" या प्रश्नावर चार दिवस घरात विचारमंथन चालू आहे.

चित्रपटाचा शेवट मी पाहिलेला नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल तर खलनायकाचं सांगू नका, तो मरतोच. त्या मोटरसायकलवाल्याला गाडी परत मिळाली का, तेवढं कळवा.