"गॅस तो गॅसच" म्हणणाऱ्यांनो, पुरे करा!

घरात पाइपचा गॅस आला की सिलिंडरची जुनी शेगडी नुसती नळी बदलून त्यालाच जोडायची. नाहीतर पाइपच्या गॅसची शेगडी सरळ सिलिंडरला लावायची. विचारलं तर वर ऐकवायचं, "पेटतंय ना? मग झालं!" डोक्यात तिडीक जाते हे ऐकून.

पाइपमध्ये मुख्यतः मिथेन असतो, सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण 38 मेगाज्यूल उष्णता मिळते, तेवढ्याच प्रोपेनमधून 95च्या आसपास. दाबही निराळा: पाइपला 20 मिलिबारच्या जवळपास, सिलिंडरला रेग्युलेटरनंतर 30. म्हणूनच ज्या बर्नरला पाइपच्या गॅससाठी 1 मिलिमीटरच्या भोकाचं नोझल (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोटी) लागतं, त्यालाच सिलिंडरसाठी 0.65च्या आसपासचं पुरतं.

त्या मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सोडला की बर्नरमध्ये जवळपास दुप्पट उष्णता. त्यात प्रोपेनला जळायला 24 पट हवा लागते, मिथेनला जेमतेम 10 पट. एवढी हवा आणायची कुठून? ज्योत लांब आणि पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते, अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. शेगडीची काजळी निदान दिसते तरी; न्हाणीघरातल्या गीझरच्या आत काय चाललंय ते कोण बघतं?

उलट जोडणीत ज्योत मिणमिणते. सिमवर ठेवली की विझते, आणि ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय शेगडीत नसेल तर तो तसाच सुटत राहतो. मग कुणीतरी उस्ताद ड्रिल घेऊन नोझलचं भोक मोठं करतो. संताप येतो तो इथे! भोक जरा वाकडं झालं की गॅसची धार तिरकी जाते आणि हवेशी नीट मिसळतच नाही. अहो, नोझल पितळेचं असतं, पान्याने निघतं, त्यावर 65, 100 असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. कंपनीचाच संच आणून जाणत्या माणसाकडून सगळ्या बर्नरची नोझल बदलून घ्या. सिमचा स्क्रू, हवेची झडप, रेग्युलेटर त्याच वेळी जुळवायचे, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. त्या गॅससाठी संचच मिळत नसेल तर ती शेगडी लावायचीच नाही.

आणि गळतीचा अलार्म? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, छताकडे चढतो. गॅस बदलला, अलार्म मात्र अजून खालीच. तो वाजणार तरी कधी?