जिनिव्हातले कार्यालय बंद झाले, तर सीपीआरमधल्या गोळ्या बंद होतील?

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. तो यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या एचआयव्ही-एड्स कार्यक्रमाविषयी आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी सेंटरविषयी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राविषयी आहे. त्याचा सारांश असा: "संयुक्त राष्ट्रांची यूएनएड्स ही संस्था स्वतंत्र चौकशीत नापास ठरली, म्हणून २०२६ अखेर बंद होणार. अकरा संस्था एकाच कामावर पैसा उधळत होत्या. आता सगळे जागतिक आरोग्य संघटनेकडे जाईल. सीपीआरच्या एआरटी सेंटरमधल्या गोळ्या याच परदेशी पैशातून येतात, त्याही थांबतील. जमेल त्याने बाहेरून साठा करून ठेवावा."

यातले शेवटचे वाक्य माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवात तिथूनच.

"गोळ्या परदेशी पैशातून येतात, त्या थांबतील"

यूएनएड्स औषधे खरेदी करत नाही आणि वाटतही नाही. धोरण, आकडेवारी, देशांमधला आणि संस्थांमधला समन्वय, हे तिचे काम. सीपीआरमध्ये मिळणाऱ्या गोळ्यांची वाट वेगळी आहे. दिल्लीत नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, हिच्या कार्यक्रमासाठी केंद्रीय निविदा निघते, भारतीय कंपन्या माल पुरवतात, राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या देखरेखीखाली तो एआरटी सेंटरला आणि तिथून गावांजवळच्या छोट्या लिंक सेंटरला जातो. राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ असा मंजूर झाला. त्याची तरतूद १५,४७१.९४ कोटी रुपये, आणि ही पूर्णपणे केंद्राच्या निधीची योजना. म्हणजे वर्षाला सरासरी ३,०९० कोटींच्या वर. यूएनएड्सचा साऱ्या जगासाठीचा मूळ अर्थसंकल्प २०१२-१३ या दोन वर्षांसाठी सुमारे ४८.५ कोटी डॉलर होता, वर्षाला सव्वाचोवीस कोटी. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ती रक्कम २,१०० कोटींच्या आत राहते. त्या संस्थेकडे बऱ्यापैकी पैसा होता तेव्हाचा हा आकडा आहे. एकट्या भारताचा कार्यक्रम त्याहून मोठा.

परदेशी पैसा अजिबात नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एड्स, टीबी आणि मलेरियासाठी पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडाचे अनुदान भारताला मिळते. पण ग्लोबल फंड २००२ मध्ये सुरू झालेली वेगळी संस्था आहे, यूएनएड्सची शाखा नव्हे. अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला मदत थांबवली, तेव्हा पुणे, कल्याण आणि हैदराबाद इथली तृतीयपंथीयांसाठीची 'मित्र' क्लिनिक बंद पडली. हे नुकसान खरे आहे. पण त्या पैशाचा आणि सीपीआरच्या खिडकीवर मिळणाऱ्या गोळ्यांचा संबंध जोडणे चूक.

मग गोळ्या कधीच संपत नाहीत का? संपतात. २०२२ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात देशात अनेक ठिकाणी डोल्युटेग्रॅव्हिरसह काही औषधांचा तुटवडा पडला. एचआयव्हीसह जगणारी माणसे दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर महिन्याहून अधिक काळ धरणे धरून बसली. तेव्हा यूएनएड्स चालू होती आणि अमेरिकेची मदतही. अडले होते निविदेत. निविदा रखडली की माल उशिरा येतो. माल कमी असला की सेंटर तीन महिन्यांच्या गोळ्यांऐवजी एक महिन्याच्या देते, मग पंधरा दिवसांच्या. चंदगडच्या माणसाला शंभर किलोमीटरहून लांबची खेप महिन्यातून दोनदा करावी लागते, मजुरी बुडते आणि एखादी खेप चुकते. उपचारातला खंड असा पडतो.

म्हणून लक्ष ठेवायचे ते इथे. नेहमी तीन महिन्यांच्या मिळत असताना अचानक कमी दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर कारण विचारा. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी जवळ आली म्हणून बोलावले असेल, तर काळजी नाही. साठा कमी असेल, तर शेजारच्या जिल्ह्यातून माल वळवून मागवला आहे का, ते विचारा. असा माल वळवता येतो. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारणा करा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा असून १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये उपचार देण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकलेली आहे. "शक्य असेल तितपत" हे शब्द त्यात आहेत आणि ते आम्हाला सलतात, पण जबाबदारी सरकारवरच आहे. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

आणि बाहेरून साठा का करू नये? आज बहुतेकांना टीएलडी ही एक गोळी दिली जाते: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. दुकानात मिळते-जुळते नाव पाहून घेतलेल्या बाटलीत हेच तीन घटक असतील याची खात्री नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिरची ५० ची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ती कुणी सांगितली नाही तर औषध कमी पडते. कॅल्शियम, लोह किंवा मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम असलेले अ‍ॅसिडिटीचे औषध यांच्यासोबत टीएलडी उपाशीपोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावी. कॅल्शियम-लोह जेवणासोबत एकत्र चालते, अ‍ॅसिडिटीचे औषध तसे चालत नाही. आणि दुकानातून गोळ्या घेणारा माणूस सेंटरच्या नोंदीतून गळतो, त्याचा व्हायरल लोड तपासला जात नाही, विषाणू औषधाला दाद देईनासा झाला तरी कुणाला कळत नाही.

"स्वतंत्र चौकशीत नापास झाली"

ही चौकशी नव्हती, मूल्यमापन होते, आणि तेही एकदाच झाले नाही. पहिले पाच वर्षांच्या कामाचे, २००२ मध्ये. दुसरे २००२ ते २००८ या काळाचे, २००९ मध्ये. दुसऱ्या मूल्यमापनाने कडक शब्द वापरले: काम विस्कळीत आहे, कुणी काय करायचे ते स्पष्ट नाही, सहभागी संस्थांचे उत्तरदायित्व ढिले आहे. पण निष्कर्ष बंद करा असा नव्हता. अधिक नेमके आणि अधिक उत्तरदायी व्हा, असा होता. त्यानंतर २०१० मध्ये कामांची नवी वाटणी झाली, प्रत्येक क्षेत्राला संयोजक संस्था ठरली, आणि २०१२ पासून पैसा, परिणाम आणि उत्तरदायित्व एकाच चौकटीत मांडले जाऊ लागले.

२०२६ अखेर संस्था गुंडाळण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडला. मजकुरातली खरी गोष्ट एवढीच. त्यामागे मूल्यमापनाचा निकाल नाही, पैशाची चणचण आणि संयुक्त राष्ट्रांची एकंदर काटकसर आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. मूल्यमापनावरून सुधारणा होते तेव्हा कोणते काम चालते आणि कोणते नाही, हे आधी पाहिले जाते. काटकसरीत आधी आकडा ठरतो आणि कामे नंतर छाटली जातात.

"अकरा संस्था एकच काम करतात"

यूएनएड्समध्ये सहभागी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अकरा हा आकडा बरोबर आहे, एकच काम हे चूक. कामांची सरमिसळ होती आणि मूल्यमापनांनी ती दाखवली, हे मान्य. तरी सीपीआरमध्ये नाव नोंदवलेली एचआयव्हीबाधित गरोदर बाई डोळ्यांसमोर आणा. तिला कोणते औषध द्यायचे याची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेची. बाळाला संसर्ग होऊ नये यासाठी युनिसेफचा पाठपुरावा: सहा आठवड्यांचे झाल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणी, पुढे अठराव्या महिन्यापर्यंत लक्ष. तिचा नवरा इचलकरंजीच्या मागावर कामाला असेल आणि रोग कळला म्हणून काढून टाकला, तर तो आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा विषय. इंजेक्शनने नशा करणारे आणि कैदी, हे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांविषयीच्या कार्यालयाचे. प्रश्न संस्थांच्या संख्येचा नाही. जिल्ह्यातल्या एकाच अधिकाऱ्याकडून चार जण चार नमुन्यांत तीच माहिती मागतात, हा आहे. त्यावर २००४ मध्येच तोडगा ठरला होता: प्रत्येक देशात एकच आराखडा, एकच समन्वय यंत्रणा, देखरेखीची एकच पद्धत. भारतात नाको असल्यामुळे आपल्याकडे ते बऱ्याच अंशी जमले.

"सगळे आरोग्य संघटनेकडे द्या, मिटले"

हा प्रयोग होऊन गेला आहे. १९८७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा स्वतःचा एड्स कार्यक्रम होता. जोनाथन मान यांनी तो उभारला. पुढे इतर संस्थांनी आपापले प्रकल्प काढले, सरकारांना परस्परविरोधी सल्ले मिळू लागले, आणि हा आजार एकट्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातला नाही हे दिसले. म्हणून १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेने ठराव केला आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएनएड्स सुरू झाली. आता आरोग्य संघटनेलाही पैसा कमी पडतो आहे. अमेरिकेने बाहेर पडण्याचा आदेश २० जानेवारी २०२५ रोजी काढला. जिथे माणसे कमी केली जात आहेत, तिथेच नवे काम टाकायचे का?

विलीनीकरण कधीच नको, असा आमचा हट्ट नाही. पण तारीख ठरवण्याआधी कामांची यादी हवी आणि प्रत्येक कामापुढे पुढच्या संस्थेचे नाव आणि पैशाची सोय हवी. उदाहरणार्थ आकडेवारी. आपल्याकडे एचआयव्हीचे प्रमाण मोजण्यासाठी प्रत्येक पाहणी केंद्रात ४०० गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेतले जातात. त्यावरून देशाचा अंदाज काढण्याचे संगणकीय मॉडेल जगभर एकसारखे ठेवण्याचे काम यूएनएड्स करते. ते कुणाकडे जाणार? दुसरे, सहभागी संस्थांना मिळणारा पैसा एचआयव्हीवरच खर्च झाला की सर्वसाधारण खात्यात विरला, हे तपासण्याची सोय नव्या व्यवस्थेत राहणार का?

आणि तिसरे, जे आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते. यूएनएड्सच्या कार्यक्रम मंडळात २२ देशांच्या बरोबरीने पाच स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी बसतात. मत नसते, पण बोलण्याचा हक्क असतो, आणि त्यांच्यात एचआयव्हीसह जगणारी माणसे असतात. आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळात अशी आसने नाहीत. ही पाच आसने कुठे जाणार ते लेखी आल्याशिवाय भारताच्या प्रतिनिधीने विलीनीकरणाला होकार देऊ नये.