भांडवलशाहीविरोधी स्वातंत्र्यवादी आणि सरकारी कल्याणयोजना : एक खुलासा

‘राज्यसंस्था नको म्हणणाऱ्याने सरकारी कल्याणयोजनांची बाजू घेणे हा दुटप्पीपणा आहे,’ असे विधान सध्या फिरत आहे. ते चुकीचे आहे. जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने १८५७ मध्ये स्वतःच्या मतासाठी ‘लिबर्टेरियन’ (स्वातंत्र्यवादी) हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा विरोध राज्यसंस्थेइतकाच खासगी मालमत्तेलाही होता. म्हणून या परंपरेत मालकाची सत्ता कधीच निरुपद्रवी मानली गेली नाही. अमेरिकन विचारवंत नोम चॉम्स्की यांनी ब्राझीलच्या श्रमिकांकडून घेतलेली एक उपमा येथे समर्पक वाटते : बाहेर श्वापदे (म्हणजे खासगी मालकांची सत्ता) मोकाट असताना पिंजरा (म्हणजे राज्यसंस्था) एकदम मोडण्याऐवजी आधी आतली जागा वाढवावी.

अर्थात, योजनांविषयीचा संशयही निराधार नाही, कारण जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने १८७८ मध्ये समाजवादी संघटनांवर बंदी घातली आणि १८८३ मध्ये आजारविमा आणला, तो कामगारांना त्या चळवळीपासून तोडण्यासाठीच. तरीही ज्या मदतीमुळे कामगाराला अपमानास्पद नोकरी नाकारता येते, ती आज काढून घेतल्यास राज्यसंस्था क्षीण होत नाही, मालक मात्र बळावतो. म्हणून माझ्या मते विरोध करायचा तो लाभार्थ्यांवर पाळत ठेवणाऱ्या अटींना, मदतीला नव्हे.