अ.पा.क.

आमच्या घरात दोन अज्ञान व्यक्ती राहतात. एक 16 वर्षांची, दुसरी 11. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. कायद्याच्या मराठीत 18 पूर्ण न झालेल्या माणसाला ‘अज्ञान’ म्हणतात. यातल्या थोरल्या अज्ञानानं मला अर्धाअधिक मोबाइल शिकवलाय आणि धाकटी माझं शुद्धलेखन तपासते. तरी कागदोपत्री ते अज्ञान आणि मी त्यांचा सज्ञान पालक. ही समजूत गेल्या जुलैपर्यंत टिकली.

झालं असं की सासऱ्यांनी नातीच्या नावानं 2 लाखांची मुदत ठेव केली. “पोरीच्या नावावर असू दे, टॅक्सची भानगड नको,” म्हणाले. आजोबा लोकांचा हा गैरसमज इतका जुना आहे, की वारसा हक्कानं पुढच्या पिढीकडे जात असावा.

ठेवीच्या नूतनीकरणासाठी मी लेकीला घेऊन बँकेत गेलो. अर्जावर ‘अज्ञानाचे नाव’ आणि ‘पालकाची सही’ असे दोन रकाने. मी झोकात सही ठोकली. काउंटरवरच्या बाईंनी ती स्क्रीनवरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, “ही तुमची सही नाही.” मी म्हटलं, माझीच आहे. त्या म्हणाल्या, “मग ही कोणाची?” स्क्रीनवर तरुणपणीची, शेपटी आणि दोन टिंबं असलेली माझी सही होती. कुरिअरवाल्यांच्या फोनवर बोटानं सह्या करून करून आता तिचं गांडूळ झालंय. मी सात वेळा प्रयत्न केला. सातही सह्या एकमेकींच्या सावत्र बहिणी निघाल्या.

तेवढ्यात बाईंनी लेकीला विचारलं, “तू किती वर्षांची गं?” 10 वर्षं पूर्ण झाली की बँकेची तयारी असल्यास मूल स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं, तशी रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. लेकीनं नमुन्याच्या कार्डावर तीन सह्या केल्या. तिन्ही तंतोतंत सारख्या, शेवटच्या अक्षरावर तेवढंच फूल. बाईंनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं. “बघा, अशी करायची असते.”

पॅन कार्डाच्या वेळी मात्र तिचा पचका झाला. दोन वेण्या घालून, नवीन फ्रॉक घालून फोटो काढला आणि कळलं, की अज्ञान मुलांच्या पॅनवर फोटोही नसतो, सहीही नसते. 18 पूर्ण झाल्यावर दोन्हींसह नवं कार्ड मागायचं. “मग हे माझंच आहे हे लोकांना कसं कळणार?” प्रश्न बिनतोड होता. उत्तर अजून दिलेलं नाही.

त्या अर्जांच्या गठ्ठ्यात कुठंतरी आधी वडिलांचं नाव होतं, त्यावरून बायको फणफणली. मी अभ्यास करून सांगितलं, की 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘नंतर’ आई असं लिहिलंय, पण 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे वडील मेल्यावरच असं नाही. वडील मुलांच्या बाबतीत नसल्यासारखेच असले, तर ते हयात असतानाही आईच पालक. “असून नसल्यासारखे?” ती म्हणाली. “मग मी केव्हाचीच पालक आहे.”

मग जुलै आला. आमच्या सीएंनी दरवर्षीचा प्रश्न विचारला, “मुलांच्या नावावर काही?” मी अभिमानानं सांगितलं, लेकीला 13,800 रुपये व्याज आलंय, पण ते तिचं आहे. सीए माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी चौथीत भागाकार चुकल्यावर गुरुजी बघायचे. “क्लबिंग होणार,” ते म्हणाले. म्हणजे अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मिळवायचं. पालक मुलांच्या नावावर पैसे फिरवून कर चुकवतात, म्हणून 1992 च्या वित्त कायद्यानं ही सोय केली. त्यात दर मुलामागे वर्षाला 1,500 रुपयांची सूट दिली. 1992 साली दीड हजाराला वजन असेल. एवढ्या वर्षांत तो आकडा एका रुपयानंही हललेला नाही, आणि नवी करप्रणाली घेतली तर तोही मिळत नाही. आम्ही अर्थातच नवी घेतलेली होती.

“चित्रकलेच्या स्पर्धेत तिला 3,000 मिळालेत, तेही आमचेच का?” मी घाबरून विचारलं. नाही म्हणे. मुलानं स्वतःच्या अंगमेहनतीवर किंवा कलागुणांवर मिळवलेलं त्याचं स्वतःचंच. पण तेच 3,000 ठेवीत टाकले, की त्यावरचं व्याज पुन्हा आमच्या पदरात. चित्र तिचं, बक्षीस तिचं, व्याज आमचं. लेकीनं हे ऐकून ते पैसे रंगांत घालवले. घरात करनियोजन समजलेली ती पहिलीच.

पण खरा सुरुंग पुढे होता. “दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्यात मिळवायचं,” सीए म्हणाले. “तुमचंच असेल ना?” मी ‘हो’ म्हटलं आणि बायको ‘नाही’ म्हणाली, एकाच क्षणी.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दोन फॉर्म 16, म्हणजे पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले, समोरासमोर ठेवले गेले. लग्नाला 18 वर्षं झाली, पण इतक्या बारकाईनं आम्ही एकमेकांच्या पत्रिकाही पाहिल्या नव्हत्या. चिरंजीव कॅल्क्युलेटर घेऊन पंच म्हणून बसले. निकाल लागला: ती 41,000 रुपयांनी पुढे. मी दिवाळीचा बोनस, जुनी थकबाकी, काही राहिलं असेल तर, असं चाचपून पाहिलं, पण पंचांनी अपील फेटाळलं. कर तिला भरावा लागणार होता, सुमारे 2,900. इतक्या आनंदानं कर भरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. पुढचे तीन आठवडे ती घरात चालायची कशी, ते शब्दांत सांगता येणार नाही.

सीएंनी नको असताना आणखी एक माहिती पुरवली. नवराबायकोचा घटस्फोट झाला, तर मुलाचं उत्पन्न, मूल जो सांभाळतो त्याच्या उत्पन्नात मिळवतात. “माहीत असावं,” ते आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाले.

हे सगळं निस्तरतोय तोवर थोरल्या अज्ञानानं स्कूटर मागितली. त्याचं म्हणणं, 16 व्या वर्षी लायसन्स मिळतं. मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आमची 110 ची. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 199ए असं आहे, की गुन्हा पोरानं केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. शिवाय माझी संमती होती असं न्यायालय गृहीतच धरतं. घरात कुठल्याही बाबतीत माझी संमती कोणी गृहीत धरत नाही, विचारतही नाही. न्यायालयानं तेवढा मान दिला, तोही तुरुंगात पाठवण्यासाठी. मी गुन्हा टाळायची पुरेशी काळजी घेतली होती असं सिद्ध केलं तर सुटका आहे. म्हणून स्कूटरची किल्ली आता तांदळाच्या डब्यात असते. परवा ती कुकरमधून निघाली.

मग मी चिरंजीवांशी लेखी करार केला: रोज दोन तास अभ्यास, मग 18 व्या वर्षी स्कूटर. त्यानं सही केली आणि वर सांगितलं, “बाबा, अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल असतो. इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या कोर्टाचा, प्रिव्ही कौन्सिलचा, 1903 चा निकाल आहे. तू मला अभ्यास करायला लावू शकत नाहीस.” हे शोधायला त्याला दोन तास लागले म्हणे. म्हणजे त्या दिवसाचा अभ्यास झाला.

या कागदांच्या पसाऱ्यात लेकीला कपाटातून गावच्या जमिनीचा सातबारा सापडला. माझे वडील गेले तेव्हा मी 9 वर्षांचा होतो. वारस म्हणून माझं नाव लागलं, आणि पुढे तीन अक्षरं. तिनं मोठ्यानं वाचलं, “अ.पा.क. आई. म्हणजे काय?”

म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार अज्ञान आहे, त्याच्या वतीनं आई कारभार बघते. मूल सज्ञान झालं की तो शेरा आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो, आता तो ऑनलाइनही करता येतो. मी कधी केलाच नव्हता. उतारा यंदाचाच होता. माझं वय 46.

“म्हणजे तू पण?” लेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दोन वेण्यांच्या फोटोनंतर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

मी लगेच शाळा सोडल्याचा दाखला शोधायला घेतला. आई पलंगावर बसून हे सगळं ऐकत होती. 74 वर्षांची आहे, कायदा काही कळत नाही तिला. तिनं सातबारा मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून आपलं नाव वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवला.

“कर रे सावकाश,” म्हणाली. “एवढी कसली घाई आहे?”